वाढत्या अंगाचं धनुष्य

ब्रॉसार्ड
३ जून २०२४

धनुष्याच्या दुकानाचे मालक यांस,
नमस्कार.

तुमच्या वेबसाइटवर 'आम्ही मराठी बोलतो' असं दिसलं, म्हणून हा इमेल मराठीत लिहितेय. इथे मॉन्ट्रियलच्या बाजूला दुकानं आहेत, पण परवा एका दुकानात गेले तर तिथला माणूस फ्रेंचमध्ये इतक्या भरभर बोलला की मी नुसती 'वी, वी', म्हणजे 'हो, हो', करत बाहेर आले. आणखी दोन मिनिटं थांबले असते तर काय विकत घेऊन आले असते देव जाणे.

माझ्या मिस्टरांसाठी हरणाच्या शिकारीचं धनुष्य घ्यायचं आहे. सरप्राइज आहे, त्यामुळे त्यांना काही विचारता येत नाही. चाकं लावलेलं नको, साधं हवं. त्यांच्या ऑफिसातले सगळे साठ पौंड, साठ पौंड म्हणत असतात, तर साठचंच द्यावं. उंची पाच फूट दहा इंच. तब्येत बरी.

सौ. नीलिमा पाठारे


मिल्टन
५ जून २०२४

सौ. पाठारे यांना सविनय नमस्कार.

मालक चारुदत्त देशकर दिवसा त्यांच्या आयटीच्या नोकरीवर असतात आणि संध्याकाळी दुकानात येतात. दिवसभर दुकान आणि मागची सरावाची रेंज मी सांभाळते. मी अमरावतीला पाच वर्षं तिरंदाजी केली, विद्यापीठाकडून खेळले, म्हणून उत्तर मीच देते आहे.

कृपया साठचं घेऊ नका. पौंड हे धनुष्याचं वजन नसतं. दोरी गालापर्यंत ओढायला जेवढा जोर लागतो, त्याचा तो आकडा. ऑफिसातले लोक बहुतेक चाकांच्या धनुष्याबद्दल बोलत असतील. ते पूर्ण ओढलं की हात हलका होतो. साध्या धनुष्यात तशी सवलत नाही. जेवढं ओढलं तेवढं सगळं हातात राहतं, आणि हरिण नीट उभं राहीपर्यंत ते तसंच धरून ठेवावं लागतं.

आमच्या दुकानात खुर्चीची परीक्षा असते. गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवायचं, दोन्ही पाय जमिनीवरून उचलायला लावायचे आणि धनुष्य समोर सरळ धरून ओढायला सांगायचं. ओढताना हात आभाळाकडे गेला, कंबर वाकली, ओठ दाताखाली आला, तर ते त्या माणसाला जड आहे. ओढल्यावर तीस आकडे मोजेपर्यंत धरता यायला हवं. आणि शेवटी, बाण न सोडता दोरी हळूहळू परत आणता यायला हवी. ओढून सगळेच दाखवतात. परत आणून दाखवा म्हटलं की लोक घड्याळ बघतात.

मिस्टरांना न सांगता दोन मापं घेता येतील का पाहा. एक, दोन्ही हात पसरल्यावर या मधल्या बोटापासून त्या मधल्या बोटापर्यंत किती इंच. दुसरं, आपल्याकडे चार लिटर दूध तीन पिशव्यांच्या पॅकमध्ये मिळतं. असे पॅक कापडी थैलीत घालून, खुर्चीवर एक हात टेकून, दुसऱ्या हाताने थैली बरगडीपर्यंत उचलून धरायची. किती पॅक तीस आकडे धरता येतात ते कळवा. हा नुसता अंदाज आहे, पण अंदाजासाठी पुरतो.

आपली,
कादंबरी इंगळे


ब्रॉसार्ड
९ जून २०२४

कु. कादंबरी यांना,

मापं घेतली. हात पसरून बासष्ट इंच. दुधाचे तीन पॅक बऱ्यापैकी धरले. चौथा घातल्यावर थैली वर आली, पण पंधरा म्हणेपर्यंत खाली गेली आणि एक पिशवी फुटली. किचनभर दूध. सासूबाई विचारत होत्या, दुधाशी काय खेळ चाललाय. मी म्हटलं, पनीर करतेय. मग खरोखरच करावं लागलं.

मिस्टरांची सवय सुटली आहे, एवढंच. करायला लागले की येईल जोर. साठ नाही तर पन्नास तरी द्या.

नीलिमा पाठारे


मिल्टन
११ जून २०२४

सौ. पाठारे,

एक विचारते, राग मानू नका. पसरलेल्या हातांचं माप साधारण माणसाच्या उंचीएवढं असतं. पाच फूट दहा इंचाच्या माणसाचं ते सत्तरच्या आसपास भरायला हवं. बासष्ट हे पाच फूट दोन इंचाच्या माणसाचं आहे.

धनुष्य तुमच्यासाठी आहे का?

दुकानाचा इमेल चारुदत्तकाका रोज संध्याकाळी वाचतात. त्यामुळे उत्तर वेगळं द्यायचं असेल तर दुकानाच्या पत्त्यावर, माझ्या नावाने, साध्या टपालाने पाठवा. दुपारचं टपाल मीच उघडते.

कादंबरी


ब्रॉसार्ड
१६ जून २०२४

प्रिय कादंबरी,

पकडलंस. तुला 'तू' म्हणते, कारण तुझ्या अक्षरावरून नाही तर तुझ्या 'कृपया'वरून तू माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असशील असं वाटतं. मी चव्वेचाळीसची.

हो, माझ्यासाठी हवंय. माझे बाबा नवेगावच्या जंगलात वनरक्षक होते. लहानपणी प्राणी मोजायला ते मला मचाणावर घेऊन जायचे. अट एकच, हलायचं नाही आणि बोलायचं नाही. आयुष्यात मला नीट जमलेली गोष्ट तीच. बाकी मी बी.एड. आहे, भंडाऱ्याला शाळेत शिकवत होते. इथे शिकवायचं तर फ्रेंच हवं. आल्या आल्या क्लास लावला, मग सलोनी झाली, मग अथर्व, मग सासूबाई कायमच्या आल्या. शंतनु विमानांच्या इंजिनाच्या कंपनीत आहे, घरी आला की गप्प असतो. मुलं मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देतात, तेही दुसऱ्या खोलीतून.

आमच्या शेजारी जिस्लेन राहते. सत्तरीची, नवरा गेलेला. मला फ्रेंच तिनेच शिकवलं, कुंपणावरून. तिची थोडी जमीन आहे, झाडी आहे, एका मेपलवर मचाण बांधलंय. गेल्या वर्षी सासूबाईंच्या डोळ्यांच्या अपॉइंटमेंटचं खोटं निमित्त काढून मी तिच्याबरोबर गेले आणि चार तास त्या मचाणावर बसले. कादंबरी, चार तास मला कुणी काही मागितलं नाही.

तू म्हणशील, मग नुसतं बसायला जा. नाही जमत. 'कुठे चाललीस?' याला 'बसायला' हे उत्तर आमच्या घरात चालत नाही. शिकारीला जाते म्हटलं तर भांडण होईल, पण भांडणाला निदान काही विषय असेल. शिकारीचा कोर्स मी जिस्लेनबरोबर केला, परीक्षा फ्रेंचमध्ये दिली, दुसऱ्यांदा पास झाले. त्या दिवशी घरी येऊन एकटीने शिरा खाल्ला. हरणासाठी कायद्याला चाळीस पौंड तरी लागतात, म्हणून मला यंदाच चाळीसच्या वरचं हवंय.

उत्तर खालच्या पत्त्यावर पाठव. तो जिस्लेनचा आहे. माझा फोन दिवसभर सासूबाईंच्या हातात असतो. त्यांच्या मालिका त्यावर लागतात आणि मेसेज आला की त्या मोठ्याने वाचून दाखवतात.

तुझी,
नीलिमाताई


मिल्टन
२३ जून २०२४

प्रिय नीलिमाताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मलाही कागदावर लिहिणंच सोयीचं आहे. मी काकांच्याच घरी, बेसमेंटमध्ये राहते. हीटिंगची जाळी माझ्या पलंगाच्या वर आहे आणि तिच्यातून इथला शब्द न् शब्द वरच्या हॉलमध्ये जातो. आईशी फोनवर बोलले की दुसऱ्या दिवशी मृणालिनीकाकू विचारतात, "आईचा गुडघा कसा आहे गं आता?" त्या मायेनेच विचारतात. पण मी आता आईला फक्त 'बरं आहे' सांगते.

आधी तुमचं. यंदा चाळीस नको. तुमची ओढ, म्हणजे दोरी गालापर्यंत आणल्यावर होणारं अंतर, पंचवीस इंच आहे. तुम्हाला आज तीस पौंड नीट पेलेल, त्याहून जास्त नाही. ज्याची पाती, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग, बदलता येतात असं धनुष्य घ्या. मधली मूठ तीच ठेवून यंदा तीसची पाती, पुढच्या वर्षी पस्तीसची, मग चाळीस. दोन वर्षं लागतील. मला माहीत आहे तुम्हाला हे आवडणार नाही.

इथे आपले लोक येतात आणि सगळे एकच चूक करतात. परवा एक जण बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. तिला अठरा पौंड बरोबर होतं. बाबा म्हणाले, "तीसचं द्या, वाढतं अंग आहे." मी म्हटलं, हा युनिफॉर्म नाही. तेवढ्यात काका आले आणि म्हणाले, "अगदी बरोबर बोललात! आपल्याकडे दोन मापं मोठंच घेतात, कापड वाया जात नाही." तीसचं गेलं. मुलगी धनुष्य आभाळाकडे करून ओढत होती आणि बाबा व्हिडिओ काढत होते. संध्याकाळी काका मला म्हणाले, "कादंबरी, तू दुकान चालवतेस की गिऱ्हाइकं परत पाठवतेस?"

मागे पंचावन्न पौंडांच्या पात्यांची खोकी छतापर्यंत रचलेली आहेत. काकांनी एका बंद पडणाऱ्या दुकानाकडून घेतली. ती या हंगामात गेली पाहिजेत.

ताई, मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बाबा दर्यापूरला सायकली दुरुस्त करतात. इथल्या कॉलेजात आले तेव्हा त्या कोर्सवर पुढे कामाचं मोकळं परमिट मिळत नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. परत जायची वेळ आली होती. तेव्हा मराठी मंडळाच्या गणपतीत काका भेटले आणि त्यांनी दुकानाच्या नावावर माझं परमिट करून दिलं. आता मला फक्त त्यांच्याकडेच काम करता येतं. मार्चमध्ये त्यांनी अनुभवाचं पत्र दिलं की पीआरला, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीला, अप्लाय करता येईल. त्यांचे फार उपकार आहेत. माझा पासपोर्टसुद्धा त्यांनी जपून लॉकरमध्ये ठेवला आहे, बेसमेंटला कधी पाणी येतं म्हणून.

तुमची,
कादंबरी


ब्रॉसार्ड
७ जुलै २०२४

कादंबरी,

तीस पौंड वगैरे नंतर. तुझा पासपोर्ट दुसऱ्याच्या लॉकरमध्ये का आहे?

मी जिस्लेनला तुझं पत्र तोंडी फ्रेंच करून सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती, हातातला चिमटा तसाच राहिला. तिची भाची इथे परदेशी कामगारांच्या मदतकेंद्रात आहे. ती म्हणते, मालकाने पासपोर्ट ठेवून घ्यायचा नसतो, कुठल्याही कारणाने. आणि मालक त्रास देत असेल तर कुठेही काम करता येईल असं परमिट मागायची सोय आहे. सुट्टी किती मिळते तुला? संध्याकाळी वर पोळ्या कोण करतं? खरं सांग.

आणि हे बघ, त्या पंचावन्नच्या खोक्यांपैकी एक मला दे. तुझं एक खोकं कमी होईल, काका खूश होतील, मार्चचं पत्र मिळेल. पात्यांवरचा आकडा अठ्ठावीस इंचाच्या ओढीचा असतो असं मी वाचलंय. माझी ओढ पंचवीसची, म्हणजे मला ते अठ्ठेचाळीसच पडेल. राहिलेलं मी वाढेन त्यात! चव्वेचाळीसाव्या वर्षी वाढतं अंग माझं एकटीचंच असेल.

नीलिमाताई


मिल्टन
१५ जुलै २०२४

प्रिय ताई,

तुम्ही काकांना ओळखत नाही. ते त्रास देणारे नाहीत. गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे जॅकेट नव्हतं तर ते स्वतः जाऊन घेऊन आले. बाह्या बोटांच्या खाली जातात, पण ऊब आहे. पोळ्या मी करते, कारण मी त्यांच्या घरी जेवते. त्यांच्या मुलाला, राजसला, स्विमिंगला मी नेते, कारण मी मोकळी असते. रविवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी मी रेंज झाडते आणि तुटलेले बाण दुरुस्त करते. काकू पाहुण्यांना सांगतात, "ही आमची मुलगीच आहे." घरच्या मुलीने सुट्टी मागायची का?

हे लिहिताना मला जरा वेळ लागला, हे खरं आहे.

पंचावन्न घेऊ नका. अठ्ठेचाळीस हाही तुमच्या हाताच्या दीडपट आकडा आहे. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक धनुष्याला एक चिठ्ठी बांधतात, 'गिऱ्हाइकाला तपासून दिले', आणि खाली माझी सही असते. तुमच्या धनुष्यावर मी खोटी सही करणार नाही. माझ्या मार्चच्या पत्रासाठी तुम्ही हे घ्यावं, असं मला नको आहे.

कादंबरी


मिल्टन
९ सप्टेंबर २०२४

नीलिमाताई,

तुम्ही शनिवारी दुकानात फोन केलात. काकांनी घेतला. फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, "बघ, ब्रॉसार्डच्या बाई, नवऱ्यासाठी पंचावन्न. विकायची इच्छा असली की असं होतं."

मी म्हटलं, ते त्यांच्या नवऱ्यासाठी नाही. त्यांना पेलणार नाही.

ते म्हणाले, "तुला कसं माहीत?"

खरं सांगितलं असतं तर तुमची पत्रं निघाली असती. ते म्हणाले, "मग कर सही."

पार्सल आज निघालं आहे. चिठ्ठीवर माझी सही आहे. ताई, कृपा करून ते भिंतीला टांगा. झाडावर नेऊ नका.

कादंबरी


ब्रॉसार्ड
१३ नोव्हेंबर २०२४

प्रिय कादंबरी,

उशीर झाला, कारण उजवा हात चार आठवडे गळ्यात होता. आता लिहिता येतंय, अक्षर मात्र अथर्वसारखं झालंय.

तुझं ऐकलं नाही. पार्सल जिस्लेनकडे आलं, तिने ओढून पाहिलं आणि म्हणाली, "नों." मी तिचंही ऐकलं नाही. महिनाभर तिच्या शेडमध्ये सराव केला. आभाळाकडे हात करून ओढायचे, बाण गवताच्या गठ्ठ्यात घुसायचा, मला वाटायचं जमतंय. परत कधी आणून पाहिलं नाही. तू लिहिलं होतंस ना, लोक घड्याळ बघतात. मीही तेच केलं.

ऑक्टोबरातली सकाळ. मी मचाणावर, जिस्लेन पलीकडच्या झाडावर. दव पडलेलं, पानं सगळी लाल. एक मादी आली. खाली मान घालून, काही घाई नाही. मी ओढलं. मचाणावर आभाळाकडे हात करायला जागा नाही, वर फांदी आहे, म्हणून सगळा जोर खांद्यातून. दोरी गालाला लागली आणि तेवढ्यात तिने मान वर केली. तिच्या मागून तिचं पाडस बाहेर आलं.

मला सोडायचं नव्हतं. पण माझे हात थरथरायला लागले. बाण तिच्या पोटाकडे, मग पाडसाकडे, मग परत तिच्याकडे. धरून ठेवता येईना. परत आणायला गेले तर दोरीच मला पुढे खेचायला लागली. सोडावं तर कुठेतरी लागून ते जनावर दोन दिवस झाडीत फिरत मरेल. न सोडावं तर माझा हात निघून येईल. आणि हलायचं नाही, बोलायचं नाही. बाबांची अट. कादंबरी, त्या वेळी मला तुझी आठवण आली. म्हटलं, ही पोरगी त्या बेसमेंटमध्ये अशीच बसली आहे. ओढलेलं धरून. मार्चपर्यंत.

मी ते परत आणलं. कसं ते विचारू नकोस. खांद्यात काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला, मी किंचाळले आणि हरणं गेली. जिस्लेनने शिडीवरून उतरवलं तेव्हा मी रडत होते, पण बाण भात्यात होता.

आता गंमत ऐक. जिस्लेन मला घरी सोडायला आली ती धनुष्य घेऊनच. शंतनु दारात. त्याने ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. जिस्लेनने घाबरून माझीच जुनी थाप मारली, "सुरप्रीझ!" त्याला वाटलं त्याच्यासाठीच आणलं, आणि आणताना मी पडले. गेल्या दहा वर्षांत मी त्याला इतकं खूश पाहिलं नाही. त्यालाही ते ओढता येत नाही. तीन वेळा ओढायला गेला, मग म्हणाला, "डेकोरेटिव्ह पीस आहे." आता ते आमच्या बेसमेंटच्या भिंतीवर आहे, वर छोटा दिवा लावलाय. सासूबाई दसरा झाल्यावर महिन्याने त्याला हळदकुंकू वाहून आल्या. माझं धनुष्य माझ्याच घरात आहे आणि मला त्याला हात लावता येत नाही.

ते असू दे. तू तिथून नीघ. आमच्या बेसमेंटमध्ये एक खोली रिकामी आहे. मी शंतनुला सांगते, माझी मावसबहीण आहे म्हणून. हवं तितके दिवस राहा. पोळ्या मी करीन. उलट टपाली उत्तर दे.

तुझी,
नीलिमाताई


ब्रॅम्प्टन
५ जानेवारी २०२५

प्रिय नीलिमाताई,

तुमचं पत्र टपालाच्या संपात अडकलं. महिनाभर दुकानात टपालच आलं नाही. मी रोज दुपारी दाराशी जाऊन पाहत होते आणि मनात हेच, की तुम्ही झाडावर गेलात आणि माझ्या सहीने तुमचं काहीतरी झालं. तुम्हाला फोन करायची हिंमत झाली नाही, कारण सासूबाई उचलतील आणि मी काय सांगू? नाताळच्या आदल्या दिवशी पत्र मिळालं. पार्किंगमध्ये उभी राहून वाचलं.

तुमच्या खांद्याबद्दल काय लिहू? 'क्षमा करा' हे फार लहान वाटतं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी काका पोहे खात होते. मी वर गेले आणि म्हटलं, "काका, मला माझा पासपोर्ट हवाय."

"का गं, कुठे निघालीस?"

"कुठेच नाही. माझा माझ्याजवळ असावा."

"लॉकरमध्ये सेफ आहे ना बाळा. एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की खाली पाणी येतं, तुला माहीतेय."

"तरी द्या."

त्यांनी चमचा ठेवला. "हे कोण शिकवतंय तुला? अगं, मी आलो तेव्हा मला विचारायला कुत्रं नव्हतं. तुझ्यावर तशी वेळ आली नाही, कारण आपला माणूस भेटला. जॅकेटपासून सगळं केलं आम्ही. मुलगी मानली."

ताई, ते खोटं बोलत नव्हते. म्हणूनच मला उभं राहणं जड जात होतं. मी म्हटलं, "तुम्ही केलंत ते मी विसरणार नाही. पण मला ते पंचावन्न विकायचं नाही, आणि सहीही करायची नाही."

"मग मार्चचं पत्र विसर."

तुमचे हात मचाणावर थरथरले तसे माझे थरथरत होते. मी ते पाठीमागे घेतले आणि म्हटलं, "बरं."

एवढ्यात काकू स्वयंपाकघरातून वरच्या मजल्यावर गेल्या आणि परत खाली आल्या. "लॉकर-बिकर काही नाही," म्हणाल्या. "यांच्या मोज्यांच्या खणात असतात सगळ्यांचे." त्यांच्या हातात दोन पासपोर्ट होते. एक त्यांनी माझ्या हातात दिला. दुसरा त्यांचा स्वतःचा होता, तो त्यांनी आपल्या पर्समध्ये टाकला.

काका म्हणाले, "तुझं काय मध्येच?"

"माझं काही नाही. पोहे गार होताहेत."

मी त्याच दिवशी निघाले. कॉलेजातली अक्षता इथे ब्रॅम्प्टनला राहते, तिच्या खोलीत आता आम्ही चौघी आहोत. जॅकेट मी पलंगावर घडी करून ठेवलं होतं. काकूंनी ते दारात पुन्हा माझ्या अंगावर घातलं आणि बाह्या दुमडून दिल्या. मी घेतलं. बाहेर उणे सतरा होतं.

तुमच्या जिस्लेनच्या भाचीशी बोलले. मोकळ्या परमिटसाठी अर्ज केला आहे. मला काय झालं ते लिहायला सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा मी 'त्यांनी मला फार चांगलं वागवलं' असं लिहिलं. ती म्हणाली, हे खोड आणि दिवस कसा जातो ते लिही. ते लिहिलं. मंजूर होईल की नाही कुणी सांगू शकत नाही. तोपर्यंत मला कुठेच काम करता येत नाही. खिडकीतून समोरच्या टाउनहाउसची भिंत दिसते. बाबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी दर्यापूरला पेढे वाटले होते, मी इथे आले तेव्हा. आई म्हणाली होती, "आत्ता जड वाटेल, पण अंगाला बसेल." आता मी तिला कसं सांगू, की सगळंच अंगाला बसत नाही?

तुमच्या घरी येणार नाही, ताई. तुम्ही मनापासून बोलावलंत हे मला माहीत आहे. काकांनीही मनापासूनच बोलावलं होतं. आणखी एका आपल्या माणसाच्या बेसमेंटमध्ये मला राहायचं नाही. तुमच्या घरी मी मावसबहीण असेन, म्हणजे पहिल्याच दिवशी एक खोटी सही. रागावू नका.

त्याऐवजी जिस्लेनच्या पत्त्यावर एक पार्सल पाठवलं आहे. माझं स्वतःचं धनुष्य आहे, अमरावतीचं, तीस पौंडांचं. मुठीवर घामाचे डाग आहेत, ते माझे. उसनं दिलंय, परत घेईन. डॉक्टर हो म्हणेपर्यंत दोरीला हात लावू नका. मग जिस्लेनला खुर्ची मांडायला सांगा. बसा, पाय उचला, समोर सरळ धरून ओढा आणि तीसपर्यंत मोजा, हवं तर फ्रेंचमध्ये. हरणाला हे चालत नाही, कायद्यालाही नाही. यंदा मचाणावर जाताना कुणी विचारलं, कुठे चाललीस, तर काय सांगायचं ते तुम्हालाच शोधावं लागेल.

आणि रोज एकदा, बाण न लावता, पूर्ण ओढून परत आणा. हळू. परत आणताना हात थरथरला तर थरथरू द्या. मीही इथे तेच करते आहे.

तुमची,
कादंबरी